विषय : ‘येतो’ या शब्दाबाबत

आमच्या कार्यालयात मला पाठीमागे ‘कात्री’ म्हणतात. मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही. सहा वर्षांत मी सात परवाने कापले आणि सातही वेळा घरी येऊन पोटभर जेवले.

हवा कुणाच्या बापाची नाही, हे आमच्या लहरी मोजणी खात्याचं ब्रीद. परिपत्रकात ते जरा सभ्य शब्दांत आहे, एवढंच. मोबाइलपासून क्रेनपर्यंत जे जे बिनतारी चालतं ते हवेतल्या लहरींवर चालतं, आणि लहरींचे पट्टे मोजकेच आहेत. एका पट्ट्यात दोघं एकाच वेळी बोलले की दोघांचंही कुणाला ऐकू जात नाही. म्हणून पूर्वी एकेक पट्टा लिलावात विकला जायचा. घेणारा तो शहरात वापरायचा, डोंगरात रिकामा ठेवायचा, आणि दुसऱ्यानं मात्र हात लावायचा नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आणि ही मंडळी, दोघांचा स्वभाव एकच. मला दोघांचाही मनापासून राग येतो.

सात वर्षांपूर्वी कायदा बदलला. आता डोंगरातली गावं मिळून एक पट्टा सामाईक वापरू शकतात. मध्ये एक पेटी बसवायची. ती प्रत्येक सेकंदाचे दोन हजार तुकडे करते आणि ज्याला जेव्हा लागतील तेव्हा तितके देते. फोनवर बोलणाऱ्याला चार पुरतात, क्रेन चालवणाऱ्याला ऐंशी लागतात. काम झालं की तुकडे परत, दुसऱ्याला मोकळे. अट एकच. पाच दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मोजल्यावर सरासरी निम्मी तरी हवा खरोखर वापरात दिसली पाहिजे. पन्नास टक्क्यांखाली आकडा गेला तर परवाना रद्द आणि पट्टा पुन्हा लिलावात.

मी दोन गोष्टी मोजते. एक पेटीची वही, म्हणजे कुणाला किती जागा दिली. आणि दुसरी खुद्द हवा, माझ्या यंत्राचा दांडा वर करून. वही खोटं बोलू शकते. हवा बोलत नाही.

तर कोयनेच्या जलाशयाकाठच्या अकरा गावांचा पट्टा मोजायला मी एका सोमवारी सकाळी लाँचमधून पानवशीच्या धक्क्यावर उतरले. समोर हिरव्या नऊवारीतल्या एक बाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

“तुम्हीच का त्या कात्री मॅडम?” त्यांनी विचारलं.

म्हणजे ते नाव डोंगर ओलांडून, पाणी ओलांडून माझ्याआधी पोचलं होतं.

या अनुसयाकाकी उतेकर. वय बासष्ट, तेहतीस वर्षं अंगणवाडी सेविका, आणि आता अकरा गावांनी मिळून नेमलेल्या पेटीच्या राखणदार. पेटी त्यांच्या जुन्या अंगणवाडीच्या ओसरीवर भिंतीला टांगलेली होती. गव्हाच्या डब्याएवढी, आणि तिला कुणीतरी कुंकू लावलेलं.

“ही धाकटी,” काकी म्हणाल्या.

नाव असं पडलं की पेटी बसवली तेव्हा यंत्राशी बोलायला कुणी तयार होईना. बटणं दाबायची तर म्हाताऱ्यांना दिसेनात. मग पुण्याच्या इंजिनिअरांनी ठरवलं की पेटी बोलणारी करू आणि तिला गावातल्या माणसाचा आवाज देऊ. काकी दोन महिने आवाज देत बसल्या. तेव्हापासून पेटी ‘धाकटी काकी’. कुठल्याही गावातून फोन उचलून तिला सांगायचं, मला इतकी जागा हवी, झालं माझं. आवाज हुबेहूब काकींचा, पण भाषा इंजिनिअरांची. “आपणांस किती कालावधीसाठी जागा अपेक्षित आहे?” असं पहिल्या दिवशी ऐकल्यावर लाँचवाले दगडूआण्णा काकींच्या घरी औषध घेऊन धावले होते. त्यांना वाटलं, तापानं बडबडायला लागल्या.

अंगणवाडीच्या शेजारी बंद पडलेल्या शाळेचा मोठा वर्ग होता. त्यात ओळीनं तेरा खुर्च्या, प्रत्येकीसमोर पडदा आणि दोन दांडे. बारा खुर्च्यांवर गावातली पोरंपोरी बसून कामाला लागली होती. पडद्यावर समुद्र, जहाज, लाल-निळे डबे.

“तिकडं उरणला क्रेन हाय, हिकडं हात,” काकी म्हणाल्या.

या खोऱ्यातले पुरुष तीन पिढ्या मुंबईला माथाडी. पोती वाहून वाहून पाठी गेल्या, गावं बायकांवर आणि म्हाताऱ्यांवर राहिली. आता त्यांचीच नातवंडं इथे बसून दोनशे किलोमीटरवरच्या बंदरात चाळीस-चाळीस टन उचलत होती. सातारी चटणी-भाकरीचा डबा बाजूला ठेवून. गंमत सोपी वाटते, पण क्रेनचं चित्र इथे येऊन हाताचा इशारा तिथे पोचायला सेकंदाचा पन्नासावा भाग मिळतो. त्याहून उशीर झाला की डबा झोके घेतो आणि क्रेन आपणहून थांबते. म्हणून क्रेनचे ऐंशी तुकडे राखून ठेवावे लागतात. बाकी सगळं अंतर तारेतून कापलं जातं. अडायचं ते इथे, या शेवटच्या डोंगरातल्या हवेतच.

“आणि ही तेरावी?” मी विचारलं. त्या खुर्चीवर प्लॅस्टिकचं कव्हर तसंच होतं.

“माझ्या सुशांतची,” काकी म्हणाल्या. “परीक्षा पास होऊन दोन वर्सं झाली. तिकडं क्रेन उभी हाय, हिकडं खुर्ची. पर हवंत जागा न्हाई. वही भरल्याली. यादीत पैला नंबर त्याचा. तवर कोपरखैरण्याला गोदामात राबतोय.”

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाण्याची पातळी सांगावी तसं सांगितलं.

संध्याकाळी सहाला मी आकडे समोर ठेवले. वही सत्त्याण्णव टक्के भरलेली. हवा एक्केचाळीस टक्के. मंगळवारी वही अठ्ठ्याण्णव, हवा चाळीस.

असे आकडे मी सातदा पाहिले होते. वहीत जागा घ्यायची, वापरायची नाही आणि दुसऱ्याला द्यायचीही नाही. अकरा गावं मिळून रुमाल टाकून बसली होती. त्यातच क्रेनवाली पोरं सांगत होती की दिवसातून दहादा चित्र अंधुक होतं, आरोग्य केंद्राची तपासणीची छायाचित्रं तासन् तास रांगेत राहतात. हवा मोकळी आणि माणसं ताटकळत. माझा पारा चढला.

“काकी, कोण जागा दाबून ठेवतंय?” मंगळवारी संध्याकाळी मी सरळ विचारलं. “सरपंच? लाँचवाले? का तुम्ही स्वतः?”

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “म्या जागा दाबली आसती, तर ती माझ्या पोराला न्हाई का दिली?”

त्या उठल्या, आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. तो मी खाली मान घालून प्यायले. हिशेब मात्र डोक्यात चालूच होता. असंच चाललं तर शुक्रवारी आकडा चाळीसच्या आसपास येणार. परवाना जाणार. बारा खुर्च्या रिकाम्या होणार, ती सगळी पोरंपोरी परत मुंबईची वाट धरणार, आणि तेराव्यानं इकडे यायचा प्रश्नच मिटणार. कात्री चालवायला मला आजवर जड गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी गेलं.

बुधवारी दुपारी मी धाकटीच्या समोरच ठाण मांडलं. मांडीवर वही, म्हणजे तिचा पडदा. दोन वाजता क्रेनची पाळी बदलते. वैशाली शेलार नावाची उंच मुलगी वर्गातून बाहेर आली, पाठ ताणली आणि भिंतीवरच्या पेटीला म्हणाली, “झालं काकी माझं. येते हं.”

खऱ्या काकी तेव्हा विहिरीवर होत्या. तरी पोरगी पेटीकडे बघून मान हलवून गेली.

वहीत वैशालीचे ऐंशी तुकडे मोकळे झाले आणि लगेच पुन्हा भरले. नोंद : ‘वापरकर्ती परत येणार. जागा राखीव.’

मला वाटलं, काहीतरी विसरली असेल. मागून दुसरा मुलगा आला. “येतो काकी.” पुन्हा ऐंशी, राखीव. सहाजण गेले, सहाजण राखीव. नव्या पाळीच्या सहाजणांना उरलेल्या हवेत दाटीवाटीनं बसावं लागलं आणि पडद्यांवरची चित्रं अंधुक झाली. अर्ध्या तासानं धाकटीनं वैशालीला फोन लावला. “आपण परत येणार आहात ना?”

पलीकडून वैशालीचा आवाज, भांड्यांच्या आवाजात. “येणार तर! न येऊन सांगती कुणाला?”

आणखी अर्धा तास, राखीव.

तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, हे मी कबूल करते. धक्क्याजवळ एक मोजणी राहिली होती म्हणून मी उठले. तेवढ्यात काकी कळशी घेऊन आल्या. “येते हं काकी,” मी म्हणाले आणि चपला घातल्या. हातातली वही हलकेच वाजली.

‘पाहुण्या मॅडम. चार तुकडे. परत येणार. जागा राखीव.’

मी पायरीवरच बसले. आधी हसू आलं, मग ते आवरेना. काकी घाबरून कळशी टाकून धावल्या. त्यांना वाटलं, फेफरं आलं.

जागा दाबून ठेवणारी माणसं शोधायला मी आले होते आणि त्यातली एक मीच निघाले. आपण कुठूनही निघताना ‘जातो’ म्हणत नाही. शेजारच्या घरातून निघतानाही नाही. आणि समोर काकी असल्यावर तर कुणाची बिशाद! धाकटीचा आवाज काकींचा, म्हणून अकरा गावं दोन वर्षं तिचा रीतसर निरोप घेत होती. आणि धाकटी पुस्तकातलं मराठी शिकलेली. येतो म्हणाला म्हणजे येणार. ती बिचारी तीन हजार माणसांची वाट बघत जागा धरून बसली होती.

आता नियम असा की मोजणी चालू असताना मी पेटीला हात लावायचा नाही. पण नियम चौदा म्हणतो, दोष आढळल्यास चालकास लेखी कळवावे. मी ओसरीवर बसून पत्र लिहिलं.

‘प्रति, श्रीमती अनुसया उतेकर. विषय : “येतो” या शब्दाबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या क्षेत्रातील नागरिक जाताना “येतो” असे म्हणत असल्याचे निदर्शनास आले आहे.’

सहा वर्षांत इतकं आनंदानं मी एकही सरकारी पत्र लिहिलं नव्हतं.

सहा वाजता बुधवारचा आकडा आला, बेचाळीस. तीन दिवसांचे मिळून एकशे तेवीस. पाच दिवसांत अडीचशे हवेत. म्हणजे उरलेल्या दोन दिवसांत एकशे सत्तावीस. जमलेल्या मंडळींना मी हे फळ्यावर लिहून दाखवलं. क्रेनच्या वर्गात पन्नास-साठ माणसं दाटली होती.

“सोप्पं हाय की,” दगडूआण्णा उठून म्हणाले. “उद्यापास्नं समद्यांनी ‘जातो’ म्हणायचं.”



“काकीला जातो म्हणायचं?” मागून एक आजोबा करवादले. “का रं, मी काय तिरडीवर चढलोय?”

“आण्णा, आधी तुमीच म्हणून दाखवा,” वैशाली म्हणाली.

आण्णा पुढे आले. काकींसमोर उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. “बरं का काकी, तर मी आता... हे... जा...” त्यांचा चेहरा लाल झाला. “जा... जाऊन येतो!”

असा हशा पिकला की बाहेर झोपलेलं कुत्रं उठून भुंकायला लागलं.

काकी मात्र हसत नव्हत्या. त्या भिंतीपलीकडच्या पेटीचा विचार करत होत्या.

“माणसं नगं बदलाया,” त्या म्हणाल्या. “तेहतीस वर्सं म्या पोरं शिकवली. हिलाबी शिकवते. चालतंय का मॅडम?”

राखणदारानं आपल्या पेटीला शब्द शिकवायला हरकत नव्हती. मी तसं नोंदवून घेतलं. काकींनी पेटीसमोर पाट मांडला आणि शिकवणी सुरू झाली. वर्गातली सगळी मंडळी ओसरीभोवती कोंडाळं करून बसली.

“‘येतो’ म्हणजे किती वेळाने?” धाकटीनं विचारलं.

“येतो म्हंजी गेला. जागा सोड.”

“नोंद घेतली. ‘आलोच’ हा भूतकाळ आहे. व्यक्ती आधीच आली आहे, असे समजावे का?”

“न्हाई गं बाय. अजून उठलाबी न्हाई. पर येतोय. पंधरा मिण्टं धर.”

“‘येईन की’?”

“येत न्हाई.”

“‘जरा टेकतो’ म्हणजे किती?”

“दीड तास,” चारजण एकदम म्हणाले.

“‘निघतेच आता’?”

“बाई आसंल तर दारात अर्धा तास धर,” काकी म्हणाल्या. “आत बोलली न्हाई एवढं दारात बोलती.”

एकाच आवाजाच्या दोघी एकमेकींशी बोलत होत्या, एक शिकवणारी आणि एक शिकणारी. बघणाऱ्याला कोण कोणाची पाठची ते कळलं नसतं. मला माझ्या कामाची गंमत त्या ओसरीवर पहिल्यांदा कळली. आम्ही यंत्रांना लहरींचं गणित शिकवतो, पण हवा वाटून घेणारी शेवटी माणसं असतात, आणि ती काय बोलतात याहून त्यांना काय म्हणायचंय ते मोजायला जास्त अवघड.

“‘बघतो’?” धाकटीनं विचारलं.

काकींनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

“बघतो म्हंजी न्हाई,” त्या म्हणाल्या. “माझा पोरगा दर ऐतवारी म्हणतो. कधी येशील रं इचारलं की, बघतो.”

“नोंद घेतली,” धाकटी काकींच्याच आवाजात म्हणाली.

गुरुवारी सकाळी आठला मी दांडा वर केला आणि मला माझ्याच यंत्राचा संशय आला. पाळी बदलली, सहाजण ‘येतो काकी’ म्हणून गेले आणि जागा मोकळी. बाराही पडदे काचेसारखे स्वच्छ. आरोग्य केंद्राची अडकलेली छायाचित्रं दुपारपर्यंत सगळी गेली. पलीकडच्या काठावरच्या एका आजीनं नातवाचं बारसं पहिल्यांदा न थांबता पाहिलं, आणि फोन ठेवताना पाऊण तास ‘ठेवू का?’ म्हणत राहिली. तो पाऊण तासही वापरातच मोजला गेला. संध्याकाळी आकडा आला एकसष्ट.

वर्गात टाळ्या पडल्या. मी फळ्यावर वजाबाकी केली. शुक्रवारी सहासष्ट हवेत.

टाळ्या थांबल्या. ज्याला जे काम होतं ते सगळं होऊन एकसष्ट आले होते. उगाच काहीबाही पाठवून हवा भरली तर माझं यंत्र तो कचरा ओळखतं आणि वगळतं. आणखी खरी गरज हवी होती.

मी वही उघडली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्यात सलग ऐंशी तुकडे मोकळे दिसत होते.

“काकी, प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला कळवा,” मी म्हणाले.

“न्हाई.” काकींनी मान हलवली. “लोक म्हणतील, मोजणीचं निमित्त करून पोराला घुसवला.”

“नियम नऊ. जागा मोकळी झाल्यावर चोवीस तासांत कळवणं राखणदारावर बंधनकारक आहे. नाही कळवलंत तर मी लेखी ताशेरे ओढीन.”

“आवो पर...”

“कात्री मॅडम म्हणतात मला.”

काकी पुटपुटल्या, “मला त्याचं ‘बघतो’ ऐकवायचं न्हाई आज.” शेवटी त्यांनी ते काम धाकटीवर सोपवलं आणि आपण पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

धाकटीनं फोन लावला. “सुशांत उतेकर, आपल्यासाठी ऐंशी तुकडे उपलब्ध झाले आहेत. उद्या दुपारपर्यंत रुजू व्हावे.”

पलीकडून एक घाबरा आवाज आला. “आई? आशी का बोलतीयास? तब्येत बरी हाय न्हवं?”

कोंडाळ्यातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. धाकटीनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पलीकडून पुटपुटल्यासारखं काहीतरी आलं आणि फोन बंद झाला.

“सुशांत उतेकर म्हणाले, ‘निघतो’,” धाकटीनं काकींना सांगितलं. “‘निघतो’ म्हणजे किती?”

“निघतो म्हंजी,” काकी म्हणाल्या, “अजून आंघूळबी व्हायचीय.” आणि भिंतीकडे तोंड करून त्या पेटीवरची नसलेली धूळ पुसत राहिल्या.

शुक्रवार उजाडला. सकाळभर अकरा गावं कामाला लागली होती. ज्यांनी मुंबईच्या नातलगांना महिनोन् महिने फोन केला नव्हता त्यांनी केला. शाळकरी मुलांनी अभ्यासाचे धडे उतरवून घेतले. दुपारी एकला दिवसाची सरासरी चौसष्ट. दोन टक्के कमी. तेराव्या खुर्चीवरचं कव्हर वैशालीनं सकाळीच काढून टाकलं होतं आणि काकींनी ते घडी करून पुन्हा त्याच खुर्चीवर ठेवलं होतं.

पावणेदोनला दगडूआण्णांच्या लाँचचा भोंगा वाजला. एकदा नाही, अर्ध्या तळ्यापासून धक्क्यापर्यंत सतत. लाँचच्या पुढच्या टोकावर एक तिशीचा माणूस उभा होता आणि त्याच्या पायाशी गादीची वळकटी, कुकर, भिंतीवरचा पंखा, प्लॅस्टिकची बादली आणि दोन मोठ्या पिशव्या. मोजणीपुरता आलेला माणूस पंखा काढून आणत नाही. सगळं गाव धक्क्यावर लोटलं. मीही यंत्र सोडून धावले, जे नियमात बसत नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मी आकड्यांची बाई आहे. संध्याकाळी सहाला शुक्रवारचा आकडा सहासष्ट पूर्णांक सात आला. पाच दिवसांची सरासरी पन्नास पूर्णांक एक. परवाना राहिला. मी सही केली, शिक्का मारला आणि कुणीतरी माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. पण मला सांगायचंय ते सहाचं नाही, दोन वाजून वीस मिनिटांचं.

सुशांत पिशव्या टाकून थेट वर्गाकडे निघाला होता. काकी ओसरीच्या पायरीवर आडव्या उभ्या राहिल्या. पोराला दोन वर्षांनी बघत होत्या, तरी हात पुढे केला नाही.

“आधी पेटीवर नोंद,” त्या म्हणाल्या. “समद्यांस्नी हाय, तुलाबी हाय.”

“व्हय आई,” तो म्हणाला आणि पेटीसमोर गेला. “काकी, मी सुशांत. तेरावी क्रेन. ऐंशी तुकडे पायजेत.”

“जागा उपलब्ध आहे,” धाकटी त्याच्या आईच्या आवाजात म्हणाली. “किती कालावधीसाठी?”

सुशांतनं एकदा आईकडे पाहिलं.

“कायमची,” तो म्हणाला.

पेटीवरचा छोटा दिवा लुकलुकला.

“हा शब्द मला शिकवलेला नाही,” धाकटी म्हणाली. “‘कायमची’ म्हणजे किती?”

बुधवारपासून दर शब्दाला काकींकडे उत्तर होतं. दीड तास, अर्धा तास, पंधरा मिण्टं. आता त्यांनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पायरीवरून उतरून त्या पोराजवळ गेल्या, त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली आणि रडायला लागल्या, हसायलाही लागल्या, दोन्ही एकदमच. जागा धरून ठेवणाऱ्यांचे सात परवाने कापलेली मी, मान वळवून तळ्याकडे बघायचं सोंग करत होते.

“‘कायमची’ म्हणजे किती?” धाकटीनं पुन्हा शांतपणे विचारलं.

“धर,” काकी म्हणाल्या. “सोडूच नगं.”